१० पटीचं घडीचं भिंग: दीड वर्ष वापरल्यानंतरचा रिव्ह्यू, आजाऱ्याच्या खोलीतून

आधी वस्तू काय आहे ते सांगते. १० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, व्यास २१ मिमी, आणि धातूच्या कव्हरमध्ये फिरून आत जाणारं. सोनार डोळ्याला लावून हिरा बघतो ना, त्यातलंच. बॉटनीची मुलं गळ्यात दोरी घालून हेच अडकवून फिरतात. मुठीत धरलं तर दिसतही नाही एवढं लहान. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण याच मापाचं तीन काचांचं भिंग कुठल्याही बऱ्या कंपनीचं घेतलं तरी खालचं सगळं तसंच्या तसं लागू होईल.

घरात कोणी खूप दिवस अंथरुणाला खिळलेलं असेल, किंवा तुम्हीच त्यांच्या उशाशी बसून असाल आणि दिवस कुठला, वार कुठला हे कळेनासं झालं असेल, तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनी वाचला तरी चालेलच.

दीड वर्षापूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही, आणि त्या न येणाऱ्या शब्दाचा राग डोळ्यांत दिसायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, गोळ्या, फिजिओ, परत कूस. लोक भेटायला यायचे आणि जाताना मला दारात हळूच म्हणायचे, अगं जरा बाहेर पडत जा, झाडांत फिरून ये, निसर्गात गेलं की मन हलकं होतं. सगळे मनापासून सांगायचे आणि चुकीचंही काही सांगत नव्हते, पण मी बाहेर जायचे म्हणजे मेडिकलपर्यंत. तिथून परत येईपर्यंत जीव टांगणीला.

त्या दिवसांत रात्री झोप नसायची म्हणून मी मोबाईलवर काहीबाही वाचत बसायचे. २०१९ मधला एक अभ्यास सापडला, इंग्लंडमधल्या जवळजवळ २०,००० लोकांचा, त्यात आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं होतं, आणि ती मिनिटं एकदम घालवा की तुकड्या-तुकड्यांनी, फरक पडत नव्हता. वाचून आधी बरं वाटलं. मग पुढे वाचलं की घरच्या बागेत घालवलेला वेळ त्यात धरलेलाच नव्हता. आणि आमच्याकडे तर बागही नाही.

दुसरा अभ्यास जुना, १९८४ चा, रॉजर उलरिख यांचा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, २३ जणांच्या खोलीच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि तशाच दुसऱ्या २३ जणांना समोर विटांची भिंत. झाडं दिसणारे जरा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामक औषधं कमी लागली. ४६ माणसं म्हणजे अभ्यास लहानच, हे मान्य. पण मला रडू आलं ते वेगळ्या कारणाने. बाबांच्या पलंगावरून दिसते ती भिंतच. शेजारच्या इमारतीची, प्लास्टर उडालेली, आणि आमच्या खिडकीचा कठडा. आम्ही त्या भिंतवाल्या २३ जणांतले, असं काहीतरी मनात पक्कं बसलं.

आता भिंगाकडे येते. घेतलं होतं गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचायला. चंदेरी पत्र्यावर चंदेरी अक्षरं ठोकलेली असतात, रात्री अकरा वाजता थकलेल्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. पहिलं मागवलं ते फसलं. वर ठळक "३० पट" लिहिलेलं, लाईटवालं, प्लॅस्टिकचं. मधला एवढासा ठिपका स्पष्ट आणि कडेला सगळं पसरलेलं, अक्षरांना निळी-पिवळी किनार. परत केलं. म्हणून सांगते, मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. पट जितकी जास्त तितकं भिंग वस्तूच्या जवळ न्यावं लागतं. १० पटीला साधारण अडीच सेंटीमीटर अंतर मिळतं, २० पटीला त्याच्या निम्मं, म्हणजे तुमच्याच डोक्याची सावली पडते, दिसणारा तुकडा लहान होतो आणि हात जरा हलला की सगळं पळून जातं. तीन काचांचं घ्या असं म्हणते तेही यासाठीच, त्या तीन काचा एकमेकींच्या चुका झाकतात, कडेपर्यंत चित्र सरळ राहतं आणि रंग फुटत नाहीत.

तर हे १० पटीचं आलं, एक्स्पायऱ्या वाचून झाल्या, आणि मी ते खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिलं. कठड्याच्या कोपऱ्यात, जिथे वरच्या पाईपचं पाणी कधीतरी ठिबकतं, तिथे काळपट-तपकिरी असं काहीतरी चिकटलेलं होतं. नखाएवढं. आपण सरसकट शेवाळ म्हणतो ते, पण हे खरं शेवाळ नसतं, मॉस असतं, अभ्यासाच्या पुस्तकात हरिता म्हणतात. महिनाभर पाणी ठिबकलं नव्हतं त्यामुळे वाळून कोळसा झालेलं. मी खरवडून टाकणार होते, खरंच, हातात चमचाही घेतला होता. मग म्हटलं बघूया तरी.

भिंगाखाली ते मेलेल्या गवताच्या पेंढीसारखं दिसलं. प्रत्येक पान दोरीसारखं पिळलेलं, टोकाला पांढरा केस. बाबांच्या औषधाचा ड्रॉपर शेजारीच होता, त्याने साध्या पाण्याचे तीन थेंब सोडले. आणि मग जे झालं ते मी आधी कधी बघितलंच नव्हतं. पानं हलायला लागली. वारा नाही, काही नाही. एक पान सुटलं, मग शेजारचं, पीळ उलगडत गेला आणि मधला तपकिरीपणा विरत जाऊन आतून हिरवा रंग वर आला, काचेसारखा, आरपार उजेड जाणारा हिरवा. पाच मिनिटंही लागली नसतील. पूर्ण नखभर जंगल उभं राहिलं. मी श्वास धरून बघत होते आणि मागून बाबांनी डाव्या हाताने पलंगावर थाप मारली, काय चाललंय म्हणून.

कठड्यावरून ते निघेना, म्हणून एक छोटा तुकडा सुरीच्या टोकाने बशीत काढला आणि त्यांच्याकडे नेला. भिंग कसं धरायचं ते इथे सांगून ठेवते, कारण बहुतेक जण चुकतात. भिंग वस्तूजवळ धरून लांबून बघायचं नाही. भिंग डोळ्याला अगदी टेकवायचं, पापणी लागेल इतकं, धरलेल्या हाताचं बोट गालाला टेकवायचं म्हणजे हात हलत नाही, आणि मग वस्तू हळूहळू डोळ्याकडे आणायची. एका जागी आलं की चित्र एकदम उघडतं. दुसरा डोळा मिटायची गरज नाही, उघडा ठेवला तर डोळा थकत नाही. बाबांचा चष्मा काढला, डाव्या हातात भिंग दिलं, आणि मी बशी वर वर आणत गेले. एका क्षणी त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग मी शेजारचा कोरडा तुकडा ठेवला, म्हटलं, "बाबा, आता नीट बघा हं," आणि एक थेंब सोडला.

ते बघत होते. किती वेळ कोण जाणे. मग म्हणाले, "उघ... उघडलं."

हा त्यांचा झटक्यानंतरचा पहिलाच शब्द नव्हता, आणि स्पीच थेरपिस्टची मेहनत मी भिंगाच्या खात्यात टाकणार नाही. पण त्याआधीचे शब्द आम्ही मागून घेतलेले होते, पाणी म्हणा, ताई म्हणा. हा कोणी मागितला नव्हता. त्यांना स्वतःला सांगावासा वाटला म्हणून आला.

त्यानंतर मी मॉसबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि संध्याकाळी बाबांना वाचून दाखवायला लागले, पेपरपेक्षा त्यांना तेच आवडायला लागलं. मॉसला खरी मुळं नसतात, नुसते धरून ठेवणारे धागे. पाणी वर खेचायच्या नळ्याही आपल्या झाडांसारख्या नसतात. पान बहुतेक जातींत एकाच पेशीच्या जाडीचं, म्हणून तर त्यातून उजेड आरपार जातो. पाणी मिळालं की अंगभर पितं आणि नाही मिळालं की सुकून जातं, आणि बऱ्याच जातींसाठी ते सुकणं म्हणजे मरण नसतं, सगळा कारभार बंद करून वाट बघणं असतं. २०१४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावरच्या गोठलेल्या मॉसचे खोलवरचे तुकडे काढले, दीड हजार वर्षांपेक्षा जास्त काळ बर्फात दबलेले, ते प्रयोगशाळेत उजेडात आणि ओलाव्यात ठेवले आणि काही आठवड्यांत त्यांना नवे हिरवे कोंब आले. हे वाचल्यावर बाबांनी मला परत वाच असा हात केला. मी तीनदा वाचलं.

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडते ती लेव्हनहूकची. नेदरलँड्समधला कापडाचा व्यापारी, स्वतःच्या हाताने इवलीशी भिंगं घासायचा. १७०२ मध्ये त्याने घराच्या पन्हाळीतला सुकून धूळ झालेला गाळ घेतला, त्यात पाणी घातलं, आणि थोड्या वेळाने त्यात जीव पोहताना दिसले. ते रोटिफर होते, पाण्यात राहणारे, नुसत्या डोळ्याला न दिसणारे बारीक जीव. इथे एक स्पष्ट सांगते, या १० पटीच्या भिंगातून असे जीव दिसणार नाहीत, मॉसमध्ये राहणारी ती प्रसिद्ध पाणअस्वलंही (आठ पायांचे सूक्ष्म जीव) नाहीत, त्यांना मायक्रोस्कोपच लागतो. जाहिरातीत काही लिहो. दिसतात ते स्प्रिंगटेल, तांदळाच्या कणीहून बारीक, शेपटीखालच्या काट्याने टुणकन उडणारे. दिसतात लालभडक माइट, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव, मखमली. आणि दिसतात मॉसच्या डब्या.

डब्यांबद्दल सांगितलंच पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर काही दिवसांनी आमच्या त्या कोपऱ्यातून आणि बशीत ठेवलेल्या तुकड्यातूनही बारीक लालसर काड्या वर आल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक डबी, त्यात बीजाणू, म्हणजे ज्यापासून नवं मॉस उगवतं ते बारीक कण. डबीचं झाकण गळून पडलं की तोंडाशी दातांची गोल झालर दिसते. बऱ्याच जातींत हे दात हवेतल्या दमटपणाने हलतात. भिंग इतकं जवळ असतं की बघणाऱ्याचा श्वासच त्यांच्यावर जातो. बाबांनी श्वास सोडला की वाफ लागून दात आत वळायचे, श्वास रोखला की थोड्या वेळात सुकून परत बाहेर. हे त्यांच्याच लक्षात आलं, मला नाही. फिजिओने श्वासाचे व्यायाम सांगितले होते ते करायला रोज कटकट व्हायची, आणि इथे हे स्वतःहून लांब श्वास सोडतायत, थांबतायत, परत सोडतायत, आणि मी बशी धरून हात भरून आला तरी हलत नाहीये.

सगळे दिवस असे नव्हते, हेही लिहिते. मधे एकदा छातीत इन्फेक्शन होऊन बाबा परत ऍडमिट झाले, बारा दिवस. तेव्हा भिंग गळ्यात होतं पण मी एकदाही डोळ्याला लावलं नाही. लावावंसंच वाटलं नाही. तेव्हा कोणी मला मॉसचं सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. म्हणून ज्यांचा अगदी कडेलोटाचा काळ चालू आहे त्यांना हे घ्याच असं मी म्हणणार नाही. आधी झोप घ्या, जेवा, कोणाला तरी मदतीला बोलवा, आणि मन फारच अंधारात गेलं असेल तर डॉक्टरांशी बोला. भिंग नंतरही मिळतं. आम्ही घरी आलो तेव्हा कठड्यावरचा कोपरा परत वाळून काळा झाला होता, आणि मला तो बघून भीती वाटली नाही. मी ड्रॉपर शोधायला गेले.

समोरच्या भिंतीवर राखाडी आणि फिकट पिवळे चट्टे आहेत, कठड्यावरही एक आहे रुपयाएवढा. मला तो रंगाचा डाग वाटायचा. ते लायकेन निघालं, दगडफुलाच्या जातकुळीतलं, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून झालेलं एकच घर. बुरशी आसरा देते, शैवाल उजेडातून अन्न करतं. श्वेंडनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हे मांडलं तेव्हा बऱ्याच मोठ्या अभ्यासकांना पटलं नव्हतं. भिंगाखाली त्याच्यावर लहान लहान वाट्या दिसतात, कडा उचललेल्या. दगडाला चिकटून वाढणाऱ्या कितीतरी जाती वर्षाला एक मिलीमीटरही वाढत नाहीत. डॉक्टर आम्हाला दर वेळी "हळूहळू होईल" म्हणायचे आणि त्या हळूहळूचा मला संताप यायचा, कारण मला त्याचं माप माहीत नव्हतं. आता तो रुपयाएवढा ठिपका बघितला की माप दिसतं. त्याला इथवर यायला किती वर्षं लागली असतील, आणि या सगळ्या वर्षांत तो थोडा थोडा वाढत होता आणि कुठल्याच दिवशी कोणाला दिसला नाही.

मी त्या भिंतीला आता भिंत म्हणत नाही खरं तर. उलरिखच्या त्या पेशंटांना कोणी १० पटीचं भिंग दिलं असतं तर काय झालं असतं असं मनात येतं. विटांच्या सांध्यात काहीतरी हिरवं असेलच ना.

आता बाकीच्या कामाच्या गोष्टी. भिंग उन्हात उघडं ठेवू नका, कठड्यावर तर अजिबातच नाही, ऊन एका बिंदूत येऊन पडदा पेटू शकतो, आणि त्यातून सूर्याकडे चुकूनही बघू नका, घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगा. काच पुसायला चष्म्याचं मऊ फडकं, पण आधी फुंकर मारून धूळ उडवा, नाहीतर त्याच धुळीने चरे पडतात. मॉसला थेंब सोडताना काच ओली होते, ती लगेच टिपा, कडेने ओल आत गेली तर काचांमधला चिकट थर खराब होऊ शकतो. दुसऱ्यांदा लाईटवालं मॉडेल मी घेतलं नाही, खिडकीचा उजेड पुरतो, रात्री मोबाईलचा टॉर्च तिरका मारला तर उलट जास्त छान दिसतं कारण सावल्या पडतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिंग टेकवून फोटोही येतात, कडा काळ्या होतात पण मधला भाग मस्त. ताईला मी रोज एक पाठवते, ती लांब असते, तिला येता येत नाही त्याचं तिला फार वाईट वाटतं. तिने आता तिकडे स्वतःसाठी एक मागवलंय आणि तिच्या जिन्याच्या पायरीवरचे फोटो येतात. गळ्यात अडकवायची दोरी मात्र सोबत आलेली बेकार आहे, आठवड्यात विरली, चांगली जाड नाडी लावून घ्या. आणि मॉस खरवडून आणू नका, आम्ही सुरुवातीला काढले ते तुकडे तेवढेच, त्या जागी अजून नीट भरून आलेलं नाहीये, आता भिंगच कठड्यापाशी नेतो.

म्हणजे बाबांना कठड्यापाशी नेतो. आधी व्हीलचेअरवर, आता चार पायांची काठी आणि मी.

एक दोष राहिला. नवीन भिंगाचा बिजागरीचा स्क्रू फार घट्ट येतो. अंगठ्याने भिंग कव्हरमधून बाहेर ढकलावं लागतं आणि धडधाकट माणसालाही जोर लावावा लागतो. बाबांना ते उजव्या अंगठ्याने उघडायचं होतं, डावा हात चालत असूनही, हट्टच होता. रोज पाच-दहा मिनिटं नुसतं ढकलत बसायचे, अंगठा थरथरायचा, भिंग जागचं हलायचं नाही. एक दिवस मी त्यांचं लक्ष नसताना चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू एक पूर्ण वळसा सैल केला. त्यांना सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी उघडलं तेव्हा त्यांनी मला तीनदा उघडून दाखवलं. आणि तेव्हापासून त्यांची ती सवयच झाली, टीव्ही बघताना, कोणी बोलत बसलं असताना, उघड-मिट, उघड-मिट, त्यामुळे स्क्रू आणखीच सैल होऊन भिंग आपोआप लटकायला लागलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी भिंग माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "स्क्रू... घट्ट कर." मला वाटलं पडतंय म्हणून म्हणतायत. म्हटलं, "कितपत करू?" तर माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "आधी... होता तेवढा."

अर्धा वळसा दिलाय. उजव्या अंगठ्याने उघडतं, वेळ लागतो पण उघडतं. उरलेला ते सांगतील तेव्हा देईन.